न वाळणारा केशरी रंग

"बोट लावू नकोस," थोरली म्हणाली.

"लावलं," ढापण्या म्हणाला आणि चष्मा सावरत त्याने आपला केशरी अंगठा मावसबहिणीपुढे धरला.

पोहण्याच्या क्लबमागच्या ओट्यावर पोहताना पायात घालायचे सात जोड रबरी फिन्स ओळीने मांडले होते. उद्या सकाळी सात मुलं तळं पोहून पार करणार होती. मामा होडीतून सोबत राहणार होता. काळं रबर पाण्यात दिसत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या फिन्सचे तळवे केशरी हवेत, नाहीतर पाण्यात उतरायचं नाही, असा त्याचा नियम. रंगाचं काम त्याने विश्वासाने आपल्या थोरल्या भाचीवर सोपवलं होतं. तिनेही स्प्रेचा डबा खळाखळा हलवून, तोंडाला फडकं बांधून, अगदी निगुतीने रंग मारला होता. फिन्सच्या प्लास्टिकच्या कडांवर तो खडखडीत वाळला. रबरावर मात्र ओल्या डिंकासारखा चिकचिकत होता.

मामाने कमरेवर हात ठेवले. "जाड थर दिलास, दुसरं काय."

"पातळच दिला होता. काल संध्याकाळी वाळला नाही, तेव्हा वरून आणखी एक हात मार, असं तूच सांगितलंस."

"हो, सांगितलं खरं." मामा जरा वरमला. "पण आज पाच वाजता मी बघणार. तोवर वाळला नाही, तर उद्याचं पोहणं रद्द."

सहा पोरांच्या नजरा थोरलीकडे वळल्या.

तेवढ्यात सामानकाका कोठीच्या दारात आले. क्लबचा दोर न् दोर त्यांच्या ताब्यात असे. "माझ्या रबराला नावं ठेवू नका," ते म्हणाले. "मी त्याला काही लावत नाही, नुसतं पुसतो. रंगच भिकार आहे."

"रंग भिकार, तर प्लास्टिकवर कसा वाळला?" ढापण्या पुटपुटला.

काका आत गेल्यावर थोरली एकेका जोडावर बोट टेकवत निघाली. चिकट. चिकट. चिकट. शेवटच्या, सगळ्यात छोट्या जोडावर बोट टेकवलं, तर ते कोरडंच वर आलं.

"चिमणे, हा तुझा ना?"

सगळ्यात धाकटी चिमणी ढापण्याच्या पाठीमागे सरकली. "काकांना सांगणार नाहीस ना?"

"काय केलंस ते आधी सांग."

"फिन्स पायातून सारखे सुळकन निसटत होते. म्हणून परवा भांड्यांच्या साबणाने खसाखसा घासले. काका म्हणतात, माझ्या सामानाला साबण लावाल तर याद राखा."

थोरली आणि ढापण्याने एकमेकांकडे पाहिलं. नुसतं पुसलेलं रबर सुळसुळेल कशाला?

"विचारलं तर ते पुन्हा नाहीच म्हणतील," ढापण्या म्हणाला.

"विचारायचं नाही. वाखाणायचं," थोरली म्हणाली. ती कोठीत गेली आणि एक न रंगवलेला फिन उचलून म्हणाली, "काका, केवढं चकाकतंय हो हे. भांग पाडून घ्यावा यात बघून. आमची आई इतकं घासते, पण घरातलं रबर मेलं मळकं ते मळकंच."

काकांच्या मिशा फुलल्या. "घासून काय होतंय? त्याला हात लागतो." त्यांनी फळीवरून एक बाटली काढली. "दर आठवड्याला चार थेंब. कुणाला सांगू नकोस हं."

बाटलीवर गाडीचं चित्र होतं. टायर चमकवायचं पॉलिश! काका त्याला 'लावणं' समजतच नव्हते. त्यांच्या लेखी ते पुसणंच होतं. पण त्याच्या तेलकट थरावर रंग वाळणार कसा?

ढापण्याने एका फिनचा रंग स्पिरिटच्या फडक्याने काढला आणि अर्धाच भाग साबणाने धुतला. पुसून कोरडा झाल्यावर थोरलीने साऱ्या फिनवर पातळसा रंग उडवला. तासाभराने मामाला आणि काकांना बोलावून तिने फिन पुढे केला.

मामाने बोट टेकवलं. धुतलेला भाग कोरडा, न धुतलेला चिकट. काकांनीही टेकवलं. तेव्हा चिमणीने घाबरत आपल्या साबणाचं त्यांना सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्यामुळेच की," ते हळूच म्हणाले. "आण गं चिमणे, तुझा तो साबण."

मग एकच धांदल उडाली. स्पिरिटने पुसा, साबणाने घासा, कोरडं करा, वरून सँडपेपर हलका फिरवा, पातळ थर द्या, थांबा, पुन्हा पातळ थर. सगळ्यांत जोरात काकाच घासत होते.

पाच वाजता मामाने चौदाही तळव्यांवर अंगठा दाबला. मग तोच अंगठा त्याने आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर चोळला. सदरा पांढराच राहिला.

"मी आणखी एक हात मारायला सांगत बसलो," मामा म्हणाला. "आणि मूळ शोधलंत तुम्ही. शाबास."

दुसऱ्या दिवशी थोरली पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा धापा टाकत आधी मागे वळली. निळ्या पाण्यात केशरी ठिपके वरखाली होत पुढे येत होते. तिने ते मोजले. सहा जणांचे बाराच्या बारा होते. मग ती निवांतपणे वाळूत आडवी झाली.