काकूच्या नावाची नोंद

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी रंगवलेलं नाही. उलट बरंचसं लपवावं असंच वाटत होतं.

रविवार होता. दुपारचे पावणेचार. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी माझं काम सांगते. आमची सेवा क्लाउडवर चालते, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या भल्यामोठ्या संगणकांवर. तिला कुणाचं नाव आणि फोन नंबर दिला की बाकीचे रकाने ती भरून देते. वय, पत्ता, व्यवसाय. पण कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळं वर चढवायचं आणि वीस मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं. शेवटी वैतागून मी तिची छोटी प्रतिकृती माझ्याच लॅपटॉपवर उभी केली. फाइल सेव्ह केली की प्रोग्राम आपोआप चालणार, उत्तर समोर येणार आणि 'टिंग' वाजणार. उत्तरंही खोटीच, मी हाताने लिहून ठेवलेली. वय चाळीस, गाव 'अबक'. इंटरनेट मुद्दाम बंद केलं होतं.

चाचणीसाठी खऱ्या माणसाची माहिती वापरायची नाही, हा नियम टीममध्ये मीच केला होता. तरी घाईघाईत जो नंबर पाठ होता तोच टाकला.

माझ्या मोठ्या काकूचा.

काकू आठ महिन्यांपूर्वी गेली. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे राहिले होते. शेवटच्या दिवसांत ती सारखी फोन करायची आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते. निम्म्या वेळा मी सोफ्यावर लोळत असायचे.

सेव्ह केलं.

टिंग.

वय चाळीस, गाव अबक. सगळं ठीक. मी पाणी प्यायला उठले.

आणि पाठीमागे... टिंग.

मी तर काहीच सेव्ह केलं नव्हतं.

वळून पाहिलं. वयाच्या रकान्यात... एकाहत्तर.

काकू गेली तेव्हाचं तिचं वय.

इंटरनेट तपासलं. बंदच होतं. उत्तरांची फाइल उघडली. तिथे चाळीसच लिहिलेलं.

टिंग.

खाली एक नवी ओळ आली. एक तारीख, एक वेळ. मग दुसरी. मग तिसरी. फ्रिजची घरघर थांबली होती. कधी, ते कळलंच नाही. घरात फक्त... टिंग... टिंग...

अकरा ओळी झाल्या. मी फोन काढून जुने कॉल बघितले. काकूचे मी टाळलेले अकरा फोन. मिनिटापर्यंत जुळत होते.

अकराव्या ओळीपुढे मी कधीच न बनवलेला एक रकाना होता.

'ऐकू आलं'... आणि पुढे... 'हो'.

ती संध्याकाळ मला आठवली. माझा फोन नवऱ्याने उचलला होता. मी पलंगावरूनच म्हटलं होतं, "सांग, घरी नाही म्हणून."

मी लॅपटॉप धाडकन मिटला.

मिटलेल्या लॅपटॉपमधून... टिंग.

ती दोघं परत येईपर्यंत मी जिन्यात बसून होते. मुलगी झोपल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"त्यांना ऐकू गेलं होतं," तो म्हणाला. "मला म्हणाल्या, असू दे, तिला सांगू नका. उगाच मनाला लावून घेईल."

"तू कुणाजवळ बोललास?"

"कुणाजवळच नाही. तुझ्याजवळसुद्धा नाही."

मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पहाटे उठून मी काकूची नोंद पुसली. कोडची ओळ न् ओळ तपासली. मगच ती प्रतिकृती टीमला दिली, काकूचा नंबर वापरल्याचं कुणाला न सांगता. वीस मिनिटांचं काम दोन सेकंदांवर आलं म्हणून सगळे खूश झाले. टीमच्या प्रमुख बाईंनी चारचौघांत कौतुक केलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुपारी त्यांनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं.

"हा 'राग' नावाचा रकाना कशासाठी ठेवलायस गं?"

मी कसंबसं विचारलं, त्यात काय लिहिलंय.

"काही नाही. रिकामा आहे. काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढे लागेल."

तो अजून तसाच आहे. कुठून आला, कुणालाच सापडत नाही. रोज सकाळी कामाला बसले की मी आधी तोच बघते... आणि रिकामा दिसला की सुटल्यासारखं वाटतं.

त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.