मोरीतली भांडी

ते दार लावून घ्या आणि नीट बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या हॉटेलात मी पहाटे भाजी पोचवायचो, तिथल्या मुख्य आचाऱ्याची आहे. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. हाताला चव आणि जिभेला धार, असा माणूस.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची तेरा तारीख, बुधवार. वस्ताद चौदा तास उभं राहून घरी आला आणि आडवा झाला. रात्री सव्वा वाजता दचकून उठला. सुपाच्या पातेल्याखालचा गॅस बंद केल्याचं काही केल्या आठवेना.

"सकाळी बघा की," बायको म्हणाली.

"गॅस आहे तो, सकाळपर्यंत थांबणार नाही," म्हणत त्यानं चपला घातल्या. हॉटेल दहा मिनिटांवर.

वाटेत त्याला मावशी आठवली. अकरा वर्षं तिथे भांडी घासायची. महिन्यापूर्वी, शनिवारच्या ऐन गर्दीत ती त्याच्यापाशी येऊन म्हणाली होती, "वस्ताद, छातीत कळा येतायत हो. आज लवकर जाऊ का?"

चारही शेगड्या पेटलेल्या, मनगट भाजलेलं, बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली. मान वर न करता तो म्हणाला, "एवढी भांडी उरका मावशी, मग जा."

तिनं उरकली. मागच्या पायरीवर जरा टेकली, ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी मालकानं दुसरी बाई ठेवली. वस्तादाला कुणी बोल लावला नाही. तोच आतल्या आत झुरत होता.

मागचं दार उघडून तो आत गेला. गॅस बंद होता. हुश्श करून वळला, तर मोरीत पाण्याचा आवाज. नळ राहिला असेल...

दिव्याचं बटण दाबलं. लागला नाही.

खिडकीतून रस्त्याचा उजेड येत होता. वाफ दिसली. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. जाताना त्यानं स्वतः पाहिलं होतं, सगळी घासून मांडणीवर लावलेली. आणि त्या ढिगापुढे... पाठ. ॲप्रन ओला.

"मावशी..."

घासणी थांबली नाही.

"मावशी, माझं चुकलं."

...

ती सरकली. जराशीच. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

दार चार पावलांवर. पाय निघेनात. त्यानं बाह्या वर केल्या.

पहाटे साडेपाचला मी भाजीची पोती घेऊन पोचलो. दार सताड उघडं. वस्ताद मोरीत उभा. नळ बंद. सिंक कोरडं ठणठणीत. भांडी सगळी मांडणीवर, आणि हा रिकाम्या सिंकमध्ये हात चालवतोय.

"वस्ताद..."

"अजून किती राहिलीत, बघ ना," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी धरून त्याला घरी नेलं. नोकरी सुटली ती सुटलीच. आता कापडाच्या दुकानात रखवालदार आहे. त्या रात्रीचं त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

परवा भर दुपारी भेटला. डॉक्टर झाले, मलमं झाली, म्हणाला. हात पुढे केले. दहाही बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली... आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी.