पायातले सात छर्रे

श्रीपतकाका तिसऱ्यांदा आले नाहीत. ड्रेसिंगच्या यादीत त्यांच्या नावापुढची रिकामी जागा पाहून ज्ञानदा सिस्टरचं पित्त खवळलं. पायात बंदुकीचे सात छर्रे घेऊन माणूस घरी बसतो म्हणजे काय! त्यातले दोन तर मोठ्या रक्तवाहिनीला खेटून होते. आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायचाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिने घरी फोन लावला. मुलगा मितेश बोलला.

"बाबा नाशिकला गेलेत, सिस्टर. तिथेच दाखवतायत."

जो पाय जमिनीवर टेकत नव्हता, तो नाशिकला पोचला? कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी ड्युटी संपताच तिने काकांच्या गावची, नंदाखालची रिक्षा धरली.

नाशिकला गेलेले काका पडवीत खाटेवर तापाने फणफणत होते. पट्टीला घाण वास येत होता.

"काका, तारखेला का आला नाहीत?"

"कसली तारीख? मितेश बोलला, आता घरीच पट्टी करायची."

मितेश पोलीस भरतीचं पुस्तक मिटून उभा राहिला. "गर्दीत कशाला न्यायचं, म्हटलं."

ज्ञानदाने पट्टी सोडली. जखम चिघळली होती, पाऊल गार पडत चाललं होतं. तरी आवाज साधाच ठेवून तिने विचारलं, "बंदूक साफ करताना बार उडाला ना? कसे बसला होतात?"

"असाच. मांडीवर आडवी धरून."

"आणि काकू, तुम्ही?"

"मी केळी घेऊन बाजारात गेलेली," सत्यवती म्हणाली. "परत येते तर हे माडाच्या बुडाशी पडलेले."

"बंदूक माडाखाली साफ करत होते?"

काकांनी मान वळवली. काकांच्या उघड्या छातीवर आणि दंडांच्या आतल्या बाजूला खरचटल्याच्या खपल्या होत्या.

"नारळ कोण पाडतं?"

"पाडेली. पन तो महिनाभर आला नाय. आधी हेच चढायचे. साठी झाली तवा मितेशने शपथ घातली, आता चढायचं नाय."

ज्ञानदाने नवी पट्टी घट्ट न करता गुंडाळली.

"काका, पहिल्या दिवशी पट्टी मीच बांधली होती. मांडीवरच्या बंदुकीचा बार लागता तर कातडी भाजली असती, छर्रे एका जागी घुसले असते. तुमचे पोटरीच्या मागे, वीतभर पसरलेत. बार लांबून आला, मागून आला. शिवाय प्रत्येक भोकाची खालची कड खरवडलेली होती. छर्रे खालून वर गेले. तुम्ही माडावर होता. छाती सोलवटली ती घसरत खाली येताना. शपथ मोडून चढलात म्हणून कुणाला सांगितलं नाहीत. वर झावळ हलली आणि खाली कुणालातरी वानर वाटलं. काकू बाजारात होत्या. मग घरात उरलं कोण?"

मितेश खाली बसला. "वानरच वाटलं, सिस्टर. आईशप्पथ. आधी हाक मारायला पाहिजे होती."

"परवाना काकांचा, बार तुझा. पोलिसांत तुझं नाव गेलं असतं तर भरती अडली असती. म्हणून काकांनी जबाबात सगळं स्वतःवर घेतलं. बापाची माया समजते रे. पण पुन्हा एक्स-रे निघाला की डॉक्टर छर्ऱ्यांची दिशा विचारतील, ही तुला धास्ती. म्हणून तारखा दाबल्यास. पहिल्या एक्स-रेची फिल्म कुठे आहे?"

तो उठला आणि माळ्यावरच्या पेटीतून पाकीट काढून आणलं. सत्यवतीने कपाळावर हात मारला. काका पाकिटाकडे बघत राहिले.

"पाय वाचंल?"

"आत्ता निघालात तर. उद्याचं मी सांगत नाही."

सत्यवती रिक्षावाल्याला हाक मारायला धावली. मितेशने पुढे होऊन खांदा दिला. काकांनी तो बाजूला सारला.

"बार चुकून निघाला, पोरा. तो मी पोटात घातला. पन माझ्या तारखा तू ठरवून लपवल्यास." काकांनी ज्ञानदाचा हात धरला. "चला, सिस्टर. आणि तिथं पोलिसांना बोलवा. मला माझा जबाब बदलायचाय."