तिला मूल नाही

ताई, दिवा राहू दे. आणि माझा आवाज काही बसलेला नाही, उगाच गरम पाणी घेऊन मागे लागू नकोस. ऐक नुसतं.

तुला माहीत आहे ना, मी त्या व्हिडिओ गेममधल्या बाईला आवाज देत होते? आख्खं शहर मोकळं, वाटेल तिकडे फिरा, लुटा, मारा, पळा. आणि हे सगळे उद्योग करणारी एक बाई. स्टुडिओत आम्ही तिला थट्टेनं ‘बाईसाहेब’ म्हणायचो. तिला अडवेल असं एकही दार त्या शहरात नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ती जाम आवडायची. घरी सासूबाईंपुढे तोंडाला कुलूप, आणि तिथे मनसोक्त शिव्या!

गेमची दिग्दर्शिका भारी फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बाई वाईट दाखवली की लोक लगेच तिचं मेलेलं मूल पुढे करतात. म्हणजे काय, तर बिचारी दुःखानं अशी झाली! आपली तशी नाही. हिला मूलबाळ नाही. हिला हवं असतं, म्हणून ही घेते. संपलं.”

त्या दुपारी किरकोळ काम होतं. खेळणाऱ्यानं कंट्रोलर खाली ठेवला की ती नुसती उभी राहते. तेव्हाचे आवाज हवे होते. उसासा, खाकरणं, गुणगुणणं. पोरीला सासूबाईंजवळ ठेवून मी गेले.

रेकॉर्डिंगची खोली तू पाहिलेली नाहीस. भिंतींना जाड स्पंज. दार लागलं की स्वतःची छाती धडधडलेली कानात ऐकू येते. तापलेल्या वायरींचा वास. काचेपलीकडे साउंडवाले काका, आणि समोर पडद्यावर ती, एका गल्लीत पाठमोरी उभी. उसासे झाले, गुणगुणून झालं, तरी काका नाहीच म्हणत होते. “कोरडं वाटतंय गं. कोणाची तरी वाट बघतेयस, असं कर.”

आम्हा आवाजवाल्यांची एक खोड असते. भाव येईना, की घरातलं माणूस डोळ्यांसमोर आणायचं. मी पोरीला आणलं. खाली खेळायला गेलेली, दहादा बोलावलं तरी न येणारी. आणि तोंडातून हाकच निघाली. तिचं लाडाचं नाव, आणि पुढे, “ये ना गं, किती वाट बघू?”

पडद्यावर तिनं मान वळवली.

“काका… तुम्ही हलवलंत तिला?”

“मी कशाला… आवाज अजून जोडलेलाच नाही.”

तेवढ्यात दिग्दर्शिका तणतणत आत आली. “हे काय? तिला मूल नाही, सांगितलं होतं ना? पुसून टाका ते.” काकांनी तिथल्या तिथे पुसलं. त्याच क्षणी माझ्या घशातून काहीतरी सुटलं. दुखलं नाही. दात पडल्यावर जीभ सारखी त्या जागी जाते ना, तसं वाटत राहिलं.

निघताना गेम तपासणाऱ्यांच्या खोलीत डोकावले. तिथला दाढीवाला हात वर करून बसला होता. कंट्रोलर टेबलावर.

“मी हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “आपणहून चाललीय.”

ती घरांची दारं उघडत होती. आत बघायची, पुढच्या दाराकडे जायची. चोरी नाही, काही नाही. ओठ मात्र हलत होते.

“आवाज वाढव,” मी म्हटलं.

“फुल आहे… पण आवाज इथे नाहीच आहे.”

माझं धाबं दणाणलं. धावतपळत घर गाठलं. पोर शांतपणे चित्र रंगवत बसली होती. मी दाराला कडी घातली, तिला पोटाशी धरलं. “आई, दुखतंय!” म्हणाली. मला हसूच आलं. म्हटलं, काय वेडी बाई आहे मी!

दिवेलागणीला स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर पोर स्टुलावर चढून कडी काढत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, ताई. नाव आलंच नाही.

ते जिन्यातून आलं. माझ्याच आवाजात. “ये ना गं… किती वाट बघू?”

“आले गं आई!” पोर ओरडली. मी तर तिच्या मागेच उभी होते. मी तिला आवळून धरलं, तर माझ्या हाताला कडकडून चावली. परक्या बाईला चावावं तशी.

सासूबाईंनी जिना पाहिला, कोणी नव्हतं. वर मलाच विचारतात, “तू खालून हाक मारलीस, मग इथे कशी?”

काकांना फोन केला, रडले, ती हाक परत आणा म्हटलं. म्हणाले, पुसलेलं परत येत नाही गं. आता मी पोरीला शाळेतल्या नावानं बोलावते. ती वळतसुद्धा नाही. सासूबाईंनी लाडाचं नाव घेतलं की दाराकडे बघते. म्हणून तूही ते घेऊ नकोस.

मघाशी तू विचारलंस, पोर बूट घालून का झोपलीय. रोज रात्री मीच काढते गं. कपाटात घालून कुलूप लावते, किल्ली ही बघ, माझ्या गळ्यात. तरी डोळा लागला की ते तिच्या पायांत असतात. नाड्यांची घट्ट, नीट गाठ मारलेली.

ताई, तिला अजून नाडी बांधता येत नाही.