पुढे पडणारा फोकस

भिंगरीनं वहीच्या मधल्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘नवा घ्यावा’, उजवीकडे ‘नवा घेऊ नये’. डावीकडची यादी पान ओलांडून मागच्या पानावर गेली. उजवीकडे एकच शब्द होता. ‘बाबा’.

पाय जमिनीवर ठरत नाहीत, म्हणून लहानपणीच तिची भिंगरी झाली होती. आणि नववीत हातात कॅमेरा आल्यावर तर विचारूच नका. वर्षापूर्वीपर्यंत उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी ही मुलगी आता थेट मुख्याध्यापकांना सांगायची, “सर, जरा डावीकडे सरका ना, डोक्यातून नळ उगवल्यासारखा दिसतोय.” आणि सर सरकायचे!

कॅमेरा आत्यानं दिलेला. सगळ्यात खालच्या पायरीचा. लोक ज्यावर शिकतात आणि मग पुढे जातात, तसला. भिंगरीला आता पुढे जायचं होतं. पंधरा दिवसांवर आंतरशालेय स्पर्धांची अंतिम फेरी आली होती, आणि शाळेनं पहिल्यांदाच बाहेरचा फोटोग्राफर न बोलावता तिचं नाव फळ्यावर लावलं होतं. जाता-येता ती ते नाव वाचायची. रोज. पाठ झालं तरी.

आणि नेमके तेव्हाच फोटो बिघडायला लागले.

“सगळे मऊ आलेत गं,” चित्रकलेच्या बाई सरावाचे फोटो सरकवत म्हणाल्या. “पोरी धुक्यातून पळतायत आणि पुढचं गवत बघ, पातं न् पातं मोजून घ्यावं! तू गवताचे फोटो काढतेस की काय?”

भिंगरी हसली. घरी येऊन मात्र तिनं तो फोटो मोठा करून पाहिला. बाईंचं खरं होतं. धावणाऱ्या मुलींच्या दहा-बारा पावलं अलीकडे गवताचा एक आडवा पट्टा लख्ख टोकदार आला होता. तिथे कोणी नव्हतं.

“हा कॅमेराच गेलाय,” तिनं जेवताना जाहीर केलं. “नवाच घ्यायला हवा.”

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ताटातून वर न बघता म्हणाले, “लिफ्ट अडकली म्हणून कोणी इमारत बदलत नाही.”

“बाबा!”

“दोष कुठे आहे, किती आहे, मोजून दाखव. सिद्ध झालं, तर जुना देऊन नवा घेऊ. पण सिद्ध करायचं हं, रडून दाखवायचं नाही.”

“मी कधी रडले?”

“मागच्या आठवड्यात. ट्रायपॉडसाठी,” आई आमटी वाढत म्हणाली. विषय तिथेच मिटला.

*

मोजायला शाळेचा दुसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा उत्तम होता. लांबलचक, सरळ, आणि जमिनीला दोन-दोन फुटांच्या फरश्या. चार वाजता शाळा सुटल्यावर भिंगरीनं ट्रायपॉड लावला आणि तिथून विसाव्या फरशीवर लंबूला उभं केलं. लंबू म्हणजे तिची बाकावरची शेजारीण. ती बसली की मागच्या दोन रांगांना फळा दिसत नाही.

“हसू का?”

“काही करू नकोस. खांब हो.”

“ते मी रोजच असते.”

भिंगरीनं मधला ठिपका लंबूच्या नाकावर धरला. तिच्या कॅमेऱ्याला असे नऊ ठिपके होते. फोकस जिथे बसेल तो ठिपका लाल होतो आणि बीप वाजतो. बीप वाजला. पण लाल झाला तो खालचा ठिपका.

फोटोत लंबू मऊ होती. पंधरावी फरशी मात्र टोकदार. तिच्यावरचा चरा न् चरा दिसत होता.

दुसरा फोटो. चौदावी फरशी.

तिसरा. तेरावी.

“ट्रायपॉड सरकतोय,” भिंगरी स्वतःशीच म्हणाली. तिनं तिन्ही पायांभोवती खडूनं गोल काढले. चौथा फोटो घेतला. पाय गोलांतच होते. बारावी फरशी. पाचवा घेतला. अकरावी.

“ए बाई, माझी बस जाईल,” लंबू ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू मध्ये कोणाला उभं केलंयस का? मला तू नीट दिसत नाहीयेस.”

“दुपारी खूप जेवलीस तू. मध्ये कोण असणार?”

“हो, तेच म्हणते,” लंबू म्हणाली. तिनं डोळे चोळले.

व्हरांड्यात काही गडबड असेल म्हणून भिंगरीनं सगळं उलटं केलं. ट्रायपॉड दुसऱ्या टोकाला, तोंड जिन्याकडे. तेवढ्यात सफाईच्या मावशी ओलं फडकं फिरवून गेल्या, अख्खी जमीन चकाकायला लागली. भिंगरीनं सहावा फोटो काढला. आता दिशा वेगळी, उजेड वेगळा. मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायला हवी होती.

टोकदार आली ती दहावी फरशी.

तिनं तो फोटो मोठा केला. ओल्या फरशीवर शेजारी शेजारी दोन लांबट कोरडे डाग होते, पावलांएवढे. तिनं मान वर करून समोर पाहिलं. दहाव्या फरशीवर पाणी सलग चमकत होतं. डाग कुठेच नव्हते.

“झालं?” लंबूनं विचारलं.

“झालं,” भिंगरी म्हणाली, आणि कॅमेरा बंद केला.

*

बाबांनी सहाही फोटो नीट पाहिले. वहीतला हिशेब पाहिला : पंधरा, चौदा, तेरा, बारा, अकरा, दहा. त्यांना लेकीचा अभिमान वाटल्याचं त्यांच्या भुवयांवरून कळत होतं.

“शाब्बास. लेन्समधलं चक्र झिजलंय. दर खेपेला एक दाता सुटतो. सिद्ध.”

“आणि हे डाग?”

“फडकं फिरलं नसेल तिथे.”

“पण बाबा, समोर बघितलं तर...”

“तुला नवा हवाय ना?” बाबा हसले. “मग माझं मत का बदलतेस?”

भिंगरीनं वही उचलली. नवा तिला हवाच होता. पण त्या रात्री वहीत तिनं आणखी एक ओळ लिहिली आणि ती ओळ दोन्ही याद्यांच्या मधोमध, रेघेवरच पडली : ‘नऊ उरल्या.’

त्यानंतरचे पाच दिवस तिनं एकही फोटो काढला नाही. ज्या मुलीनं डबा, पेन, जिना, शेजाऱ्यांची मांजर, काही म्हणता काही सोडलं नव्हतं, तिनं कॅमेऱ्याला झाकण लावून तो कपाटात, कपड्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवला. लंबूनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बॅटरी वाचवतेय.”

“आठवडाभर?”

“खूप वाचवतेय.”

*

लेन्सकाकांचं दुकान अरुंद आणि लांब होतं. काचेच्या काउंटरमागे ते, त्यांच्यामागे भिंतभर लेन्सा. काकांचा चष्मा जाड आणि हसणं त्याहून मोकळं. भिंगरी त्यांच्याकडे तास न् तास उभी राहायची, आणि त्यांनी कधी ‘घेणार आहेस की नुसतीच बघणार आहेस’ असं विचारलं नव्हतं. बाबा गाडी लावायला जागा शोधत होते, म्हणून ती एकटीच आत आली.

“या या, मॅडम! शेवटी पटवलंत का बाबांना?” काकांनी नवा कॅमेरा मखमलीवर ठेवला. “घे हातात. जड वाटतोय? लागेल सवय. तुझ्याकडे नऊ ठिपके होते ना? याच्यात एकावन्न. नऊ ठिपक्यांत माणूस सापडतो गं, पण एकावन्न ठिपक्यांत त्याचा केस न् केस सापडतो.”

भिंगरीच्या हातात तो इतका चपखल बसला, की पोटात गुदगुल्या झाल्या.

“आणि जुना? काही दोष असेल तर खरं सांग हं. मी रागावत नाही.”

ती म्हणाली, “फोकस जरा पुढे पडतो.”

“एवढंच?”

तिनं दुकानाच्या दाराकडे पाहिलं. बाबा अजून आले नव्हते. शनिवारी अंतिम फेरी होती. फळ्यावर तिचं नाव होतं.

“एवढंच,” ती म्हणाली.

खोटं ती काहीच बोलली नव्हती.

काकांनी जुना कॅमेरा उचलला, लेन्सवर फुंकर मारली. जुना कॅमेरा घेताना ते नेहमी करायचे ते त्यांनी केलं, आणि ते करतील हे भिंगरीला ठाऊक असायला हवं होतं. तिनं ते दहा वेळा तरी पाहिलं होतं. धावत्या माणसाचा फोटो काढतात तसा फोकस लावायचा, रस्त्यापलीकडच्या पाटीवर नेम धरायचा आणि बटण दाबून धरायचं, म्हणजे फोटोमागून फोटो निघत जातात. शटर कसं आहे ते आवाजावरून कळतं.

“काका, एक मिनिट...”

काका ज्या रेषेत नेम धरत होते, त्या रेषेत ती उभी होती. तिनं एक पाऊल बाजूला टाकलं. ते का टाकलं, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. थांबवायला तोंड उघडलं होतं, पण पाय आधी हलले.

काकांनी बटण दाबलं.

एक, दोन, तीन. दर खटक्याला लेन्स किंचित आत जात होती.

चार. पाच. दारातलं पायपुसणं पार झालं असेल.

सहा. सात.

आठ. काउंटर.

नऊ.

आवाज थांबला. काकांचं बोट बटणावर तसंच होतं. लेन्स नुसतीच आतबाहेर करत होती, गुरगुरत होती, आणि तिला काही सापडत नव्हतं.

“अडकली की,” काका म्हणाले. “इतक्या जवळचं हिला दिसत नाही. वीतभर तरी अंतर लागतं. पण मी तर पाटीवर धरलाय...” त्यांनी कॅमेरा खाली घेतला. “आणि हे काय?”

लेन्सच्या पुढच्या काचेवर वाफ धरली होती. बाहेरून. काकांनी ती रुमालानं पुसली. पुन्हा धरली. पुन्हा पुसली.

मग त्यांनी समोर पाहिलं, आणि अर्धं पाऊल मागे सरकले. दचकून नव्हे. समोर कोणी फार जवळ येऊन उभं राहिलं की आपण सरकतो ना, आपसूक, तेवढंच.

“जागा मिळाली बाबा एकदाची,” बाबा आत येत म्हणाले. “झालं का तुमचं?”

“झालं,” काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

*

अंतिम फेरीचे फोटो असे आले, की बाईंनी ते कार्यालयाबाहेर लावले. रिले जिंकलेल्या मुलीच्या कपाळावरचा घाम थेंब न् थेंब वेगळा दिसत होता. गवत मऊ होतं, माणसं टोकदार. लंबू म्हणाली, “आता तू माझ्याशी बोलशील ना, की सेक्रेटरीकडून निरोप घ्यायचा?” भिंगरीनं तिला पाठीत एक धपका घातला. ती खूश होती. फक्त घरी जाताना ती आता दुकानाच्या रस्त्यानं जात नव्हती.

तीन आठवड्यांनी लंबूच म्हणाली, “लेन्सकाका तुझी आठवण काढत होते. नव्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढून हवाय म्हणे. बरे दिसत नव्हते गं.”

दुपारी तीनला भिंगरी गेली. बाहेर लख्ख ऊन होतं.

काका काउंटरपाशी नव्हते. आतल्या भिंतीला पाठ अगदी टेकवून उभे होते, मागच्या लेन्सा बाजूला सारून. मान थोडी मागे, चेहरा थोडा वळलेला.

“ये गं.” आवाज तोच होता, हसणं मात्र नव्हतं. “तुझा जुना बघ, अजून गेला नाही. लोक हातात घेतात आणि ठेवून देतात. चालतच नाही ना.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. काचांवर पुन्हा वाफ आली. “चष्मेवाला म्हणतो, डोळे ठणठणीत आहेत. पण मला जवळचं काही दिसेना झालंय. मध्ये काहीतरी असल्यासारखं. म्हटलं, तुझ्या नव्यातून बघावं. त्याला सगळं सापडतं.”

“काका,” भिंगरी म्हणाली. “तेव्हा मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं.”

“माहीत आहे,” काका मऊपणे म्हणाले. “आता काढ.”

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत भिंत होती, लेन्सा होत्या, मधोमध काका होते. तिनं बटण अर्धं दाबलं.

काका सावकाश डावीकडे सरकले, दोघांचा फोटो काढायचा असला की शेजारच्याला जागा करून देतात तसे.

बीप वाजला.

काकांच्या चेहऱ्यावर एकही ठिपका लागला नाही. त्यांच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत ते लागत गेले, एकामागून एक, खालून वर. आधी कंबर. मग दोन खांदे. मग डोकं.

डोकं जरा तिरपं होतं. फोटोसाठी उभं राहिल्यावर करतात, तसं.