दादासाठी निवडलेला अ‍ॅम्प

हे वाचून कुणी म्हणेल, याने मनाचं काहीतरी रचलंय.

रचायचंच असतं, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

जे घडलं ते दिवसाउजेडी घडलं. दुपारी चार ते पाच. जागा म्हणजे माझ्या घरातली रियाजाची खोली. तिसरा मजला, रस्त्याकडे एक खिडकी. वार मंगळवार. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जाऊन पाच आठवडे झाले होते.

पण आधी अ‍ॅम्पचं सांगायला हवं. तिथे माझी जीभ अजूनही अडखळते.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही दोघेही पेडल स्टील गिटार वाजवायचो. हे वाद्य फार जणांनी पाहिलेलं नसतं. ही गिटार टेबलासारखी पायांवर आडवी उभी असते. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची. पायाशी पेडलं असतात. ती दाबली की तारा ताणल्या जातात, आणि सूर घसरत घसरत वर चढतो. रडता रडता कुणीतरी गायला लागावं, तसा आवाज. हात, पाय, गुडघे सगळेच कामाला लागतात. वहिनी म्हणायच्या, हे गिटार वाजवतात की शिलाई मशीन चालवतात, काही कळत नाही.

मला हे सगळं दादानेच शिकवलं.

या वाद्याचा निम्मा जीव अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीत असतो. अ‍ॅम्प चुकीचा असला की वरच्या तारा ताटावर चमचा घासल्यासारख्या किंचाळतात. वाजवणारा कितीही तयारीचा असो, ऐकणारा कान झाकून घेतो.

दादा एका हॉटेलच्या हॉलमध्ये, बँडमध्ये वाजवायचा. सव्वीस वर्षं ड्रमच्या शेजारी बसून त्याचे कान गेले. पूर्ण नाही. बारीक, वरचे आवाज तेवढे गेले. चिमण्या, दाराची बेल, किटलीची शिट्टी. ही गोष्ट वहिनींना आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हती. बँडला कळली असती, तर त्याची खुर्ची गेली असती.

त्याचा जुना अ‍ॅम्प जळला, तेव्हा तो मला दुकानात घेऊन गेला.

दुकानात दोन अ‍ॅम्प निघाले. एक करडा. जुना, रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पंधरा इंची स्पीकरचा, उचलताना पाठ धरेल असा. दुसरा काळा. नवा, हलका, लहान स्पीकरचा. दादाने आपली गिटार मांडली आणि दोन्हींवर दहा दहा मिनिटं वाजवलं.

करड्यावर त्याने वरचा सूर धरला, आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर गोल होता. हवेत तरंगला, हलकेच खाली उतरला, आणि विरतानाही गोल राहिला. असा आवाज मी आयुष्यभर शोधत होतो.

काळ्यावर तोच सूर... दाढेत कळ जावी तसा.

दादाला दोन्ही सारखेच वाटले. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "माझ्या कानांचं काही खरं नाही. तुझ्या कानांनी निवड."

करडा दुकानात एकच होता. पुढच्या आठवड्यात माझं रेकॉर्डिंग होतं.

मी म्हणालो, "काळा घे, दादा. स्वच्छ आहे. करडा घुमतोय."

"नक्की?"

"नक्की."

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं, तेही लिहूनच टाकतो. याला तसंही ऐकू येत नाही, असं आलं.

दोन दिवसांनी मी एकटा गेलो आणि करडा घरी आणला. दादा कधी घरी आला, की मी त्यावर चादर टाकायचो, वर इस्त्रीचे कपडे ठेवायचो. एकदा तर तो त्याच्यावरच टेकून बसला होता. चहा पीत, माझी चौकशी करत.

पुढे जे व्हायचं तेच झालं. दादाला वरचे सूर कमी ऐकू यायचे, म्हणून तो काळ्या अ‍ॅम्पवर तेच आणखी वाढवायचा. हॉलमधली माणसं टेबलं बदलून लांब बसायला लागली. बँडचा म्होरक्या मला गाठून म्हणाला, की तुझ्या दादाचा आवाज कानात घुसतो, तूच एकदा समजावून सांग. मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो, तर काळा अ‍ॅम्प का, इथवर गोष्ट गेली असती.

सहा महिन्यांनी त्याला घरी बसवलं.

आणि ती खुर्ची मला दिली. मी घेतली. करडा अ‍ॅम्प घेऊन त्याच जागेवर बसलो.

दादाला याचा आनंदच झाला होता. खुर्ची घरातच राहिली, म्हणाला. मग थोड्या वेळाने, स्वतःच्या बोटांकडे बघत त्याने विचारलं, "माझे हात गेले का रे?"

मी म्हणालो, "वय झालं दादा. सगळ्यांचंच होतं."

त्यानंतर तो फार काळ राहिला नाही. एका दुपारी झोपला, तो उठलाच नाही.

आता त्या मंगळवारचं.

मी रियाजाला बसलो होतो. खिडकी उघडी, खाली रस्त्यावर नेहमीची वर्दळ. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

आणि आवाज गेला...

अ‍ॅम्पचा दिवा चालू होता. मागून पाहिलं, तर व्हॉल्व्ह लाल तापलेले. केबल बदलली. व्हॉल्यूमचं पेडल मधून काढून गिटार सरळ अ‍ॅम्पला जोडली.

काहीच नाही.

साधी घरघरसुद्धा नाही. चालू अ‍ॅम्प कधी इतका शांत नसतो.

मी तासभर खटपट केली. पाच वाजले, तशी आतून बारीक घरघर सुरू झाली. तारेला बोट लावलं. आवाज परत आला होता, जसाच्या तसा.

बुधवारी चार वाजता पुन्हा गेला.

गुरुवारीही.

चार ते पाच ही दादाची रियाजाची वेळ होती. लहानपणी त्या तासात घरात आम्हाला चमचासुद्धा पाडायची बंदी असायची. हे आठवलं, पण मी ते मनातून झटकलं. सरळ अ‍ॅम्प उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. आम्ही वाजवणारे त्याला सोल्डर म्हणतो. माणूस मोजून मापून बोलतो, आणि जे मीटरवर दिसत नाही ते जगात नाही, असं मानतो.

शनिवारी त्याचा फोन आला. म्हणाला, चारच्या आत ये.

गेलो. त्याने अ‍ॅम्पची पुढची जाळी काढून ठेवली होती. स्पीकरचा कागदी पडदा उघडा दिसत होता. अ‍ॅम्प चालू, पण त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. गिटार नाही, केबल नाही.

चार वाजले.

घरघर थांबली...

आणि पडदा हलायला लागला.

आत, बाहेर. हळू, मग थरथरत, मग पुन्हा हळू. जोरात वाजत असल्यासारखा हलत होता, आणि खोलीत आवाज शून्य. सोल्डरच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

सोल्डर हळूच म्हणाला, "कालही असंच झालं. हात लावून बघ."

मी तळहात पडद्यावर ठेवला.

कुणीतरी वाजवत होतं. तळहाताला सरळ कळत होतं. एक संथ चाल, एक चढण, आणि शेवटच्या सुराआधी एक थांबा... जरासा लांबलेला.

असा थांबा फक्त दादा घ्यायचा. मला शिकवताना म्हणायचा, ऐकणाऱ्याला शेवटचा सूर मागू दे, मग दे.

मी हात काढून घेतला. सोल्डरने जाळी परत बसवली. फक्त एवढंच म्हणाला, की हा घेऊन जा, माझ्याकडे नको.

मी अ‍ॅम्प गाडीत टाकला. घरी गेलोच नाही. रविवारी दुपारपर्यंत एका मित्राकडे पडून राहिलो, आणि तिथून उठून वहिनींकडे गेलो. काय बोलायचं, ठरवलं नव्हतं. दादा गेल्यापासून मी त्यांच्याकडे दोनदाच गेलो होतो, आणि दोन्ही वेळा उभ्या उभ्या परतलो होतो.

वहिनी बऱ्या दिसल्या. इतक्या बऱ्या, की मला नवल वाटलं. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर तरतरी. चहा केला, मुलांची चौकशी केली. मग घड्याळाकडे पाहून त्या उठल्या, खिडकी लावली आणि पंखा बंद केला.

"बसा भाऊजी. आता काही बोलू नका."

चार वाजले.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मला काळा अ‍ॅम्प दिसत होता. त्याची वायर गुंडाळून वरच ठेवलेली. शेजारी दादाची गिटार, खोळ घातलेली.

आणि त्या खोलीतून आवाज आला...

दादा वाजवत होता.

वरचा सूर लागला. गोल. हवेत तरंगला, हलकेच खाली उतरला.

काळ्या अ‍ॅम्पमधून हा आवाज सात जन्मांत निघाला नसता. तो माझ्या करड्याचा आवाज होता. आणि करडा त्या वेळी खाली माझ्या गाडीत पडला होता, मुका.

खोळीखाली काहीतरी हललं. पेडलपाशी कापड आत दबलं, पुन्हा वर आलं.

मी खुर्चीतून अर्धवट उठलो. वहिनी मात्र डोळे मिटून ऐकत होत्या, उन्हात बसल्यासारख्या. हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की मंगळवारपासून रोज होतंय, आणि अजून कुणालाही बोललेल्या नाहीत. शेवटी शेवटी ह्यांचं वाजवणं सहन होत नव्हतं. त्यांनीच एकदा वैतागून ह्यांना म्हटलं होतं, पुरे करा आता. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी गिटारवर खोळ घातली, ती कायमची. तेवढं एक त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

"आता बघा किती गोड वाजवतात," वहिनी म्हणाल्या. "मला माफ केलं असणार. नाहीतर रोज कशाला आले असते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

मला ते सहन झालं नाही. माझी चूक त्या स्वतःच्या पदरात घेऊन बसल्या होत्या. मी बोलून टाकलं. दुकान, दोन अ‍ॅम्प, मी काय म्हणालो, चादर, बँडचा निरोप, हॉलमधली खुर्ची. खाली मान घालून सगळं सांगितलं. दादाचे हात शेवटपर्यंत शाबूत होते, हेही सांगितलं.

आत गिटार वाजत होती. चाल संपत आली होती. चढण झाली. मग तो थांबा...

शेवटचा सूर आला नाही.

आम्ही वाट पाहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. खोळ हलली नाही. पाच वाजून गेले, बाहेर अंधारून आलं, तरी वहिनी दाराकडे कान लावून बसलेल्या.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्यांना सांगितलं होतंत कधी?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?"

त्यांच्या मनावरचा भार उतरवायला, असं म्हणता आलं असतं. पण बोलून झाल्यावर हलकं मलाच वाटलं होतं, आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

मी खाली जाऊन करडा अ‍ॅम्प ओढत जिना चढवला. त्यांनी तो उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही.

याला आता चार महिने झाले. करडा माझ्या खोलीत आहे. चार वाजता बंद पडत नाही, अगदी शहाण्यासारखा वागतो. सोल्डरने पुन्हा तपासला, त्यात काही दोष नाही. हॉलमधली खुर्ची मी सोडली. कारण विचारलं, तर पाठदुखी सांगतो. म्हणजे तिथेही खोटंच.

मधल्या काळात पुतणी भेटली होती. म्हणाली, आई दुपारी चारला कुणालाही घरात येऊ देत नाही. पंखा बंद करून तासभर नुसती बसते. काका, तुम्ही एकदा येऊन बोला ना तिच्याशी.

हो म्हणालो.

परवा गेलोही होतो. दारापर्यंत पोचलो, तेव्हा चारला पाच कमी होते. बेल वाजवायला हात उचलला, आणि आतून वहिनींचा आवाज आला. अगदी हळू, समजूत घातल्यासारखा.

"भाऊजी नाहीत इथे. वाजवा तुम्ही."

मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.