सहपाऊल

रविवारी सकाळी नाशिकच्या नदीकाठच्या रस्त्यावर एकही गाडी फिरकत नसे. लोक चालत, सायकली हाकत, आणि चालणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या हाताला डांबरावर निळसर पावलं उमटत जात.

त्या डांबरात दाब ओळखणारे सूक्ष्म कण मिसळलेले होते. अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाची चालही निराळी असते. रस्ता ती टिपून घेई आणि दूरच्या एखाद्या शहरात, अशाच रस्त्यावर, त्याच लयीत चालणारा माणूस हुडकून काढी. त्याची पावलं इथं उजळत, इथली तिथं. या सोबतीला 'सहपाऊल' म्हणत. माणसं एकटी पडत चालली होती, त्यावरचा हा उपाय.

कुमुदताई खैरनार दवाखान्यात एक्स-रे काढायच्या, आता निवृत्त. घरी बोलायला कुणी नव्हतं. त्यांचं सहपाऊल पुलाच्या चढावर त्यांच्यासारखंच थबके, मग उजव्या पायावर जपून भार टाकत निघे. 'यांचाही गुडघा दुखतो वाटतं,' असं वाटून त्यांना माया आली होती. हल्ली त्या चालता चालता त्याच्याशी बोलतही.

एका रविवारी रस्त्याची तपासणी करायला डॉ. इरावती शेवडे आल्या. हे डांबर त्यांनीच घडवलेलं. कुमुदताईंनी त्यांना गाठलं.

"मॅडम, माझ्या सोबतीचं गाव कुठलं, तेवढं सांगा. मी जाऊन भेटेन."

डॉक्टरांनी हातातल्या पडद्यावर पाहिलं.

"ताई, ही पावलं तुमचीच आहेत. गेल्या वर्षीची."

"माझी?"

"सर्वांत जुळणारी चाल शोध, एवढंच आम्ही यंत्राला सांगितलं होतं. आधी त्यानं माणसं शोधली. पण नोंदी साठत गेल्या, तशी ज्याची चाल त्याच्याच जुन्या चालीशी सर्वांत जास्त जुळायला लागली."

"आणि हे बाकीचे?"

"बहुतेक सगळे तसेच. तक्रार मात्र एकाचीही नाही."

रस्ता माणसांनी फुलला होता. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"चला, मी येते तुमच्याबरोबर," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या.

दोघी निघाल्या. डॉक्टर भराभर पुढं जात, मग भान येऊन थांबत. चढावर तर त्यांनी कुमुदताईंचा दंडच धरला. कुमुदताईंना धड श्वास घेता येईना. पाय अडखळू लागले.

"तुम्ही व्हा पुढं," त्या शेवटी हात सोडवून घेत म्हणाल्या. "मला सवय नाही राहिली."

डॉक्टर दिसेनाशा झाल्या. कुमुदताई डावीकडच्या निळसर पावलांकडे वळून हलकेच म्हणाल्या, "चला."